वाचकांचे प्रश्न : कापलेली बुलेट पुन्हा उभी करताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. कास्ट आयर्न इंजिनाची ३५० सीसी बुलेट कुणीतरी हौसेने कापून तिची बॉबर किंवा कॅफे रेसर (सुटसुटीत, कापलेल्या धाटणीची गाडी) केली, काम फसलं, गाडी काही वर्षं कोपऱ्यात पडून राहिली आणि आता ती मूळ रूपात आणायची आहे. खालची मापं उजव्या बाजूला चार गिअर आणि पॉइंटचं (स्पार्क पाडणाऱ्या यांत्रिक स्विचचं) इग्निशन असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. नंतरच्या ॲल्युमिनियमच्या युनिट इंजिनाला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) ती लावू नका.

प्रश्न : सीटखालची मागची नळी कापून खाली वाकवून वेल्ड केली आहे. मागचं मडगार्ड अर्धं आहे. रंग मात्र नवाकोरा आहे. सुरुवात इंजिनापासून करू की चेसिसपासून?

चेसिसपासून. आणि त्याआधी आरसी हातात घेऊन चेसिस आणि इंजिनाचा नंबर ताडून पाहा. चेसिसचा नंबर स्टेअरिंगच्या गळ्याजवळ ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर फिरलेला दिसला किंवा नंबरावर पुट्टी भरलेली असली, तर पानाही हातात न घेता थांबा. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलं आहे.

नवाकोरा रंग ही अशा गाडीतली सगळ्यात फसवी गोष्ट. कापलेल्या जागी दोन्ही बाजूंना हातभर रंग पेंट रिमूव्हरने उतरवा. वेल्डचा मणी एकसारखा, दोन्ही नळ्यांत मुरलेला दिसला पाहिजे. बहुतेक वेळा तो ग्राइंडरने घासून सपाट केलेला असतो, म्हणजे जोडाची जाडी होती तीही गेलेली असते. वेल्डच्या कडेला नळीत खाच पडली असेल किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील, तर तो जोड कापूनच काढायचा. शंका राहिली तर लाल डाय पेनिट्रंट मारून पुसा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते.

वेल्डिंगपूर्वी चेसिस सरळ आहे का ते बघा. मागचं चाक स्विंग आर्ममध्ये (ते चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या फाट्यात) मधोमध आणून एक दोरी मागच्या टायरच्या मागून फिरवा आणि जमिनीपासून साधारण १० सेंमी उंचीवर दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणा. पुढचा टायर मागच्यापेक्षा बारीक असेल तर दोन्हीकडे सारखी फट दिसायला हवी. फरक ३ मिमीपेक्षा जास्त आला, तर चाकं आणि फोर्क काढून उघड्या चेसिसचं माप घ्या. स्विंग आर्मच्या छिद्रातून सरळ सळई घाला आणि तिच्या दोन्ही टोकांपासून स्टेअरिंगच्या गळ्याच्या मध्यापर्यंतची अंतरं मोजा. ती सारखी नसतील तर चेसिस पिळलेली आहे. मग ते काम चेसिस सरळ करणाऱ्या जिगवरच होतं. झाडाला बांधून ओढायचे प्रयोग नकोत.

नवीन तुकडा बसवताना तो सीमलेस नळीचाच घ्या. फर्निचरची किंवा वायरिंगची पाइप चालत नाही. नळीच्या आत घट्ट जाईल असा स्टीलचा सळईतुकडा लेथवर करून घ्या. २५ मिमी नळीसाठी तो किमान ८० मिमी लांब असावा, म्हणजे प्रत्येक बाजूला ४० मिमी आत जाईल. जोडापासून थोड्या अंतरावर दोन्ही नळ्यांना ८ मिमीची दोन-दोन छिद्रं पाडा आणि आतला तुकडा त्यांतून वेल्डने पकडा. नळ्यांची तोंडं तासून मध्ये दीड-दोन मिमी फट ठेवा आणि टिग वेल्डिंग करून घ्या. आधी समोरासमोर चार टाके, मग थोडं इकडे, थोडं तिकडे. एका दमात गोल फिरवलं की नळी ओढली जाते.

बहुतेक मिस्त्री इथेच चुकतात. बुलेटची चेसिस खालून उघडी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टने आवळले की चौकट पूर्ण होते. इंजिन बाहेर काढून वेल्डिंग केलं तर नंतर बोल्ट छिद्रांत बसत नाहीत, आणि मग ते हातोडीने बसवले जातात. म्हणून वेल्डिंगच्या वेळी निदान रिकामे क्रँककेस आणि गिअरबॉक्सचं कवच तरी जागेवर आवळलेलं असू द्या. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा, टाकी दूर न्या आणि वेल्डिंगची अर्थ जोडाला अगदी लागून लावा. ती चाकाला किंवा फोर्कला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात.

प्रश्न : हेडलाइटची मूळ मोठी डोम काढून तिथे प्लेट कापून बनवलेला क्लॅम्प आणि गोल सुटा दिवा लावला आहे. चाळीसच्या पुढे हँडल लडबडतं. कोन सेट (स्टेअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या आणि गोळ्या) नवा टाकला तरी तेच.

कोन सेटचा दोष नाही. बुलेटची ती डोम म्हणजे नुसतं हेडलाइटचं घर नव्हे, फोर्कचा वरचा योकही (दोन्ही नळ्या एकत्र धरणारा भाग) तीच आहे. फोर्कच्या दोन्ही मुख्य नळ्या वर तिच्यात आट्यांनी फिरवून बसतात, खालच्या योकमध्ये पिंच बोल्टने आवळल्या जातात आणि स्टेअरिंगचा दांडाही वरून तिच्यातच धरला जातो. डोम काढून ८-१० मिमीची प्लेट लावली की नळ्या वरून नुसत्या चिमटीत धरल्या जातात. ब्रेक मारला की त्या फिरतात आणि फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांशी समांतर राहत नाहीत.

उपाय एकच, मूळ डोम परत बसवा. जुनी घेत असाल तर तिच्या आतले आटे टॉर्चने पाहा. ॲल्युमिनियमचे असल्याने ते लवकर जातात, आणि गेलेले आटे एपॉक्सीने भरून विकलेल्या डोमही बाजारात फिरतात. मुख्य नळ्या काचेवर ठेवून लोळवा. मध्ये उजेड दिसला तर नळी वाकलेली आहे. बसवताना नळ्या आधी वरच्या आट्यांत पूर्ण फिरवा आणि खालचे पिंच बोल्ट त्यानंतर आवळा. क्रम उलटा झाला तर फोर्क पिळलेलाच बसतो. शेवटी पुढचं चाक उचलून बघा. फोर्कला मागे-पुढे ढिलेपणा नको, पण हँडल मध्यातून थोडं सोडलं की ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. मधोमध जराशी अटक लागत असेल तर वाट्यांवर खाचा पडल्या आहेत.

प्रश्न : कोन फिल्टर आणि आखूड उघडा सायलेन्सर लावलेला आहे. थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात, बेंड पाइप निळा पडला आहे, चढावर दम लागतो. कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) टाकून पाहिला, फरक नाही.

जेट शेवटी. त्याआधी तीन गोष्टी तपासायच्या राहिल्या आहेत.

पहिली, हवेची गळती. गाडी आयडलिंगला ठेवून कार्बोरेटर आणि हेडच्या जोडावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा. इंजिन गरम असेल तर बेतानेच, आग लागू शकते. आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. तिथले दोन नट जास्त आवळल्याने कार्बोरेटरचा कान वाकतो. तो काचेवर ठेवून पाहा आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर आठचा आकडा काढत सपाट करा. मधला बेकेलाइटचा तुकडा चिरला असेल तर बदला. सायलेन्सरचा हेडपाशी असलेला जोडही सैल नको. फटाके तिथूनही फुटतात.

दुसरी, ऑटो ॲडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी वजनं. गाडी पडून राहिली की पॉइंटच्या कॅममागची ही वजनं गंजून अडकतात. मग स्पार्क वेगातही उशिराच पडतो, पेट्रोल सिलिंडरमध्ये पूर्ण न जळता बेंड पाइपमध्ये जळतं आणि पाइप निळा पडतो. दम कमी, पाइप निळा आणि जेट बदलून फरक शून्य ही तीन लक्षणं एकत्र आली की पहिला संशय इथेच घ्यायचा. कॅम बोटाने फिरवून सोडा. तो स्प्रिंगने टचकन मागे आला पाहिजे.

तिसरी, टायमिंग. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून मागच्या चाकाने इंजिन फिरवा. कम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन टॉपला आणा, थोडा मागे न्या आणि पुन्हा पुढे आणत टॉपच्या ०.८ मिमी आधी थांबवा. त्या क्षणी, कॅम पूर्ण रिटार्ड असताना, पॉइंट उघडायला लागला पाहिजे. डोळ्यांवर विसंबू नका. इग्निशन सुरू करून एका छोट्या बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनाच्या बॉडीला लावा. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. काम झालं की इग्निशन बंद करा, नाहीतर पॉइंट मिटलेला राहून कॉइल तापत राहते.

आता श्वासाचा प्रश्न. मूळ फिल्टर उजव्या पेटीत बसतो आणि कार्बोरेटरचे जेट त्याच्या आणि मूळ सायलेन्सरच्या अडथळ्याचा हिशेब धरून ठरवलेले आहेत. दोन्ही अडथळे काढले की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जेट वाढवून ते सावरता येतं, पण आयडलिंग, मधला थ्रॉटल आणि पूर्ण थ्रॉटल यांचा मेळ बसवत बसावं लागतं. त्यापेक्षा फिल्टरची पेटी, मूळ जातीचा सायलेन्सर आणि कंपनीचे जेट परत लावा. सुईची क्लिप मधल्या खाचेत घाला. एअर स्क्रू पूर्ण आत घालून दीड फेरी बाहेर काढा आणि तिथून सेटिंग करा. हा हवेचा स्क्रू आहे, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. बऱ्याच जणांच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं. खात्रीसाठी तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल देऊन एकदम क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. फिका तपकिरी ठीक, पांढराशुभ्र म्हणजे पातळ, काजळीसारखा काळा म्हणजे जाड.

टॅपेट (वाल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट) इंजिन थंड असताना बघा. दोन्ही वाल्व्ह मिटलेले असताना पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. डिकंप्रेसरची (किक सोपी करायला कम्प्रेशन सोडणाऱ्या यंत्रणेची) केबल ताणलेली असेल तर त्याचा छोटा वाल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कम्प्रेशन गळतं. तिथे किंचित ढील हवीच.

प्रश्न : चार-पाच वर्षं उभ्या गाडीला किक मारली, सुरू झाली, पण पांढऱ्या धुराचा लोट आला आणि इंजिनाच्या डाव्या बाजूने ऑइल उडालं. पिस्टन गेला का?

बहुधा नाही. बुलेटचं ऑइल क्रँककेसच्याच एका वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी फार दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत फ्लायव्हीलच्या खोलीत उतरतं. किक मारल्यावर फ्लायव्हील त्यात बुडून फिरतं, ऑइल रिंगांवरून वर जातं आणि धूर होतो. खालचा ड्रेन बोल्ट काढून हे ऑइल आधीच उतरवायला हवं होतं. आता तरी दोन्ही कप्पे रिकामे करा आणि २०डब्ल्यू५० भरा.

फेल्टचा फिल्टर बदलताना त्याच्या खोलीत ऑइल भरूनच टोपण लावा. मग प्लग काढून सावकाश किक मारत राहा. गाडी सुरू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट जरा सैल करा. मिनिटभरात तिथे ऑइल पाझरलं नाही तर इंजिन लगेच बंद करा. अशा गाड्यांत ऑइल न पोहोचण्याचं नेहमीचं कारण सिलिकॉन सीलंट. कागदी गॅस्केटऐवजी ट्यूब पिळून कव्हर लावलेलं असतं, आत सांडलेली त्याची वळवळती शेवई सुटते आणि वाटेत अडकते. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातला फ्लोटिंग बुश ऑइलच्या दाबावरच जगतो. त्याला उपाशी ठेवून चालत नाही. सीलंट दिसला तर टायमिंग कव्हर उघडून सगळ्या वाटा हवेने साफ करा.

डाव्या बाजूने ऑइल उडालं त्याकडे वेगळं पाहा. तिथे इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट आहे. त्याच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. ते हवा बाहेर जाऊ देतं, आत येऊ देत नाही, त्यामुळे क्रँककेसमध्ये थोडी ओढ तयार होते आणि ऑइल जोडांतून बाहेर पडत नाही. दिसायला बरं म्हणून हे रबर काढून छोटा फिल्टर लावतात, काही जण तर तोंडच बंद करतात. मग गाडी सगळीकडून गळते आणि गॅस्केटला दोष दिला जातो. चोच परत बसवा, अर्धी गळती तिथेच थांबेल.

प्रायमरी केसची (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या कवचाची) गळती निराळी. ते कव्हर मधल्या एकाच नटावर उभं आहे. गळतं म्हणून तो नट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. उघडलंच असेल तर दोन गोष्टी पाहून घ्या. प्रायमरी चेनची ढील सगळ्यात ताठ जागी ६ मिमी हवी, आणि अल्टरनेटरच्या रोटर-स्टेटरमध्ये चहूबाजूंनी ०.२ मिमीचा फिलर गेज जायला हवा.

प्रश्न : वायरिंग सगळं काळ्या टेपने गुंडाळलेलं आहे, फ्यूज कुठेच नाही. जिथे तुटलं तिथे जोडत जाऊ का?

नको, सगळं काढून टाका. पिळून टेप मारलेला प्रत्येक जोड आज ना उद्या तापणार, आणि तो टाकीखालीच असतो. मूळ नकाशाप्रमाणे नवीन हार्नेस (वायरिंगचा तयार जुडगा) घ्या किंवा करून घ्या. मुख्य वायर दीड चौरस मिमी, दिव्यांच्या ०.७५ ते १. जोड क्रिंप करून त्यावर हीट श्रिंक चढवा. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज लावा. पावडर कोटिंग केलेली चेसिस अर्थ देत नाही, हे विसरलं की दिवे मिणमिणतात आणि लोक रेग्युलेटर बदलत बसतात. बॅटरीपासून इंजिनापर्यंत अर्थची स्वतंत्र जाड वायर टाका.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि वायर न जळता ते कळतं. सीटखाली लपावी म्हणून लावलेली छोटी बॅटरीही काढा. या गाड्यांचं इग्निशन बॅटरीवर चालतं. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन वाढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले म्हणजे चार्जिंग ठीक.

प्रश्न : मागे रुंद टायर टाकला आहे, चेन त्याच्या कडेला घासते. चेन चक्राखाली वॉशर टाकून बाहेर घेऊ का?

चक्र बाहेर घेतलं की चेनची रेषा बिघडते. पुढचं चक्र तर जागचं हलत नाही, मग चेन तिरकी चालते आणि दात एका बाजूने झिजतात. १९ इंची रिम आणि ३.२५-१९ टायर परत लावा. हब वाचलं असेल तर नव्या तारांनी चाक पुन्हा विणून घ्या. जुन्या रिमच्या बेताने कापलेल्या तारा वापरू नका, त्या निपलमध्ये अर्ध्याच बसतात. मागच्या शॉकॲब्झॉर्बरच्या जागी लोखंडी पट्ट्या लावून गाडी कडक केली असेल तर त्याही काढा. ही चेसिस तशा धक्क्यांसाठी बनलेली नाही, वरच्या कानांपाशी भेगा तपासा.

प्रश्न : टाकीतून गंज येतो आणि बाहेरून पुट्टीचे पापुद्रे निघतात.

आधी चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी जाड आहे आणि तिच्याखाली पोचा किंवा छिद्र असणार. पावडर कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, त्यात पुट्टी टिकत नाही, म्हणून सगळी खरवडूनच काढायची. आतला गंज सायट्रिक ॲसिडने जातो. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात, टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवा. कॉक काढून छिद्राला बूच मारा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आत ऑइलमिश्रित पेट्रोल फिरवा. तासभर ओली राहिली तरी गंज परत धरतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका. जुने रबरी पाइप आणि कॉकचे वॉशरही बदला. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोल काढून वास गेला एवढ्यावर भागत नाही. वाफ आत राहते आणि टाकी फुटते. जोडाच्या जागेपर्यंत पाणी भरूनच काम करणारा मिस्त्री शोधा.

प्रश्न : अर्धे बोल्ट बसतात, अर्धे दोन फेऱ्यांनंतर अडकतात.

जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे आहेत. मॉडिफाय करणाऱ्याने त्यांत मेट्रिक बोल्ट पान्याच्या जोरावर घुसवले असणार. थ्रेड गेज घेऊन प्रत्येक छिद्र तपासा. ॲल्युमिनियममधले गेलेले आटे हेलिकॉइल (छिद्रात बसणारी आट्यांची तारेची गुंडाळी) घालून मूळ मापात आणा. पुढच्या मापाचा बोल्ट टाकायचा म्हणून छिद्र मोठं करू नका.

प्रश्न : गाडी मूळ रूपात आली की कागदांचं काय? आणि १९६९ची असल्याने व्हिंटेज नोंदणी मिळेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतली माहिती आणि निर्मात्याचं मूळ स्पेसिफिकेशन यांपासून हटणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे मूळ भाग परत बसवणं सोयीचंच आहे. आरसीवर रंग वेगळा नोंदलेला असेल तर तोच मारा किंवा आधी नोंद बदलून घ्या.

चेसिस नंबर घासला गेला असेल तर तो स्वतः ठोकून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी ते चोरीच्या गाडीसारखंच दिसतं. जुने कागद घेऊन आरटीओत लेखी अर्ज करा आणि त्यांच्या परवानगीनेच पुढचं काम करा. सँडब्लास्टिंगला चेसिस देताना नंबरावर जाड टेपचे दोन-तीन थर लावायला विसरू नका, वाळूने उथळ अंक पुसले जातात.

व्हिंटेजचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठी फेरफार न झालेली दुचाकी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि त्यानंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. वयाने तुमची गाडी बसते, पण तपासणीत मूळ रूपाचा प्रश्न येणारच. म्हणून आज ती ज्या अवस्थेत आहे तिथपासून वेल्डिंगच्या प्रत्येक जोडाचे रंग लावण्यापूर्वीचे फोटो आणि सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवा. रोज चालवायची असेल तर व्हिंटेजच्या वाटेला न जाता साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा.